बुंदीचा झारा

दोनेक वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. गुरुवारी रात्री सदलग्याहून मावशीचा फोन आला. मावशी एरवी फोनवर आधी हवापाणी, मग उसाची टोळी आली की नाही, मग दुखणीखुपणी अशा क्रमाने बोलते. त्या दिवशी तिने सरळ मुद्द्यालाच हात घातला. "सुनेचं डोरलं वाढवलं रे मळ्यात. एक वाटी घावली, एक न्हाई. तुज्या भाच्याकडं ते मशीन हाय न्हवं?"

भाचा शेजारीच बसला होता. गोव्यात वाढलेलं पोर; त्याने मला विचारलं, "मामा, वाढवलं म्हणजे मोठं केलं ना? मग शोधायचं काय?" त्याला समजावून सांगावं लागलं की मंगळसूत्र तुटलं असं आपल्याकडे कुणी तोंडाने म्हणत नाही. कुंकू पुसत नाहीत, बांगडी फुटत नाही, सगळं वाढवतात. शब्द किती जपून वापरायचा याचंही एक शास्त्र असतं आपल्या बायकांचं.

वाटी गेली त्याचं मावशीला एवढं का लागलं होतं तेही सांगायला हवं. डोरल्याला दोन वाट्या असतात, एक सासरची आणि एक माहेरची. घावली ती सासरची. गेली ती माहेरची, आणि वहिनीची आई वारून त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. सोनं म्हणाल तर दोन ग्रॅमसुद्धा नसेल. (पुढे २०२५ साली तोळा लाखाच्या पार गेला तेव्हा मावशी म्हणाली, "बघ, त्या दोन दिवसांची मजुरी आत्ता सुटली तुमची!") पण त्या रात्री कुणाच्या मनात भाव नव्हता.

भाच्याच्या मशीनबद्दल थोडं. हा मुलगा एका हॉटेलात रात्रपाळी करतो आणि पहाटे घरी येऊन झोपायच्या ऐवजी कळंगुट-बाग्याच्या किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर घेऊन फिरतो. आईने कितीदा कपाळावर हात मारून घेतला! चार वर्षांत त्याला मिळालं काय, तर बियरच्या बाटल्यांची बुचं, चाव्या, नाणी आणि चार-पाच अंगठ्या. त्यातल्या तीन त्याने ज्यांच्या होत्या त्यांना परत दिल्या, कारण त्यांनीच त्याला बोलावलं होतं. पोहताना पाण्याच्या गारव्याने बोट आकसतं आणि अंगठी निसटते, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलं.

शनिवारी पहाटे चोर्ला घाट चढलो. बेळगाव, मग हायवेने निपाणी आणि तिथून पूर्वेला आत. निपाणी म्हणजे तंबाखू, आणि सदलगा म्हणजे ऊस आणि दूधगंगा. जैन समाजात या गावाला वेगळंच महत्त्व आहे, आचार्य विद्यासागर महाराजांचा जन्म इथला, १९४६ सालचा. आम्हा भावंडांना मात्र सदलगा म्हणजे मे महिन्यातलं नदीत डुंबणं. पाटीवर कानडी, तोंडात मराठी, शिव्या दोन्ही भाषांत.

अण्णा (म्हणजे मावसभाऊ) फाटकातच उभा होता. "या पावनं. पानी तीन दिस थांबवलंय बघा मी," हे त्याचं पहिलं वाक्य. ऊस तुटून गेला होता, खोडव्याला पाणी द्यायची वेळ होऊन गेली होती. रात्री थ्री फेज यायची आणि मोटार बंद ठेवून अण्णा नुसता कूस बदलायचा. पाचटही पेटवलं नव्हतं. सोमवारी रात्री मात्र पाणी सोडणार, त्यापुढे थांबता येत नाही, हे त्याने तोंडावरच सांगितलं. म्हणजे आमच्या हाती दोन दिवस होते.

भाच्याने गाडीतून सामान काढायला सुरुवात केली तशी गल्ली जमली. आधी मशीन, मग मोठी तबकडी, लहान तबकडी, हेडफोन, गाजराएवढी एक नारिंगी कांडी, आणि शेवटी स्टेनलेस स्टीलचा, भोकाभोकांचा, दांड्याला जोडायचा लांबडा पेला. मावशीने तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "ह्यो तर बुंदीचा झारा!"

समुद्रात वाळू उपसायचं ते साधन. पण मावशीने त्याला झारा म्हटल्यावर मला झारेकरी आठवले. सोनारांच्या पेढ्यांसमोरची धूळ, गटारातला गाळ गोळा करून, पाण्यात हलवून हलवून त्यातून सोन्याचे कण काढणारे लोक. मुंबईच्या झवेरी बाजारात हे अजून चालतं. धूळ झाडून नेण्याचे हक्क, त्यासाठी पहाटे उठणं, पाटीतलं पाणी गोल फिरवायची ती लकब. सदलग्यापासून जवळच हुपरी, चांदीच्या पैंजणांचं गाव. तिथेही कारखान्यातला केर कुणी उकिरड्यावर टाकत नाही. जड ते खाली बसतं आणि हलकं ते वाहून जातं, एवढ्या एका नियमावर कित्येक घरं जगली.

मशीनचा नियम वेगळा. तबकडीत तारेचं वेटोळं असतं, त्यातून उलटसुलट धावणारी वीज सोडली की आजूबाजूला चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यातही वीज भोवऱ्यासारखी फिरते, आणि तिचं जे उलट क्षेत्र तयार होतं ते मशीनला ऐकू येतं. ऐकायला सोपं. घोळ असा की मशीन धातूबरोबर जमीनही ऐकतं. गोव्याच्या किनाऱ्यावर त्याला खारं पाणी सतावतं, ओल्या वाळूवर नुसतं किंचाळत राहतं. इथे खारं पाणी नाही, पण काळी माती आहे. ही माती काळ्या फत्तराची, म्हणजे बेसॉल्टची झालेली. तिच्यात चुंबकाला चिकटणारे लोहाचे कण ठासून भरलेले. भाच्याने गोव्यातल्या सवयीने मशीन चालू केलं आणि पहिली दहा मिनिटं ते फक्त माती, माती, माती असंच सांगत बसलं.

अण्णा म्हणाला, "म्हशीगत वरडालंय की ह्ये."

मग जमिनीशी जुळवून घेणं आलं. स्वच्छ जागा बघून तबकडी वर-खाली वर-खाली करत मशीनला पटवायचं की बाबा, ही माती आहे, हिच्याकडे दुर्लक्ष कर. समुद्रावर त्याने कधी जेमतेम केलेलं काम इथे दर वीस पावलांना करावं लागत होतं, कारण मळीची माती वेगळी आणि वरच्या अंगाची वेगळी. (मळी म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पुराने तिच्यावर नवा थर आणून टाकला.) मोठी तबकडी काढून लहान लावली. मोठी खोल बघते, पण एकदम फार बघते. तिच्याखाली एक खिळा आणि एक वाटी शेजारी शेजारी आली तर ती खिळाच सांगेल. लहान तबकडी उथळ बघते, पण दोन गोष्टींच्या मधलं ओळखते. दोन दिवसांपूर्वी पडलेली वाटी काही हातभर खाली गेलेली नसणार. हा विचार भाच्याला सुचायला तास लागला, मावशीला पहिल्या मिनिटाला सुचला होता: "एवढं थोरलं ताट कशाला रं, वाटी शोधायची तर वाटीएवढंच घ्यावं."

आता दुसरी अडचण. डिटेक्टरला लोखंड नको असं सांगता येतं, तेव्हा तो खिळ्यांवर गप्प बसतो. कचरा नको असंही सांगता येतं, आणि तिथेच माणूस फसतो. कारण पातळ पत्र्याची, पोकळ, एवढीशी सोन्याची वाटी मशीनच्या कानाला गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीच्या कागदासारखीच ऐकू येते. कागद नको म्हटलं की सोनंही नको म्हटल्यासारखं होतं. म्हणून कागदाचा प्रत्येक कपटा उचलायचा. शेतात एवढा कागद कुठून आला म्हणाल? टोळीतली माणसं रोज कोयता चालवतात. त्यांची कंबर, त्यांचे खांदे दुखतात. पाचटाखाली जागोजागी वेदनाशामक गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. मी मोजली नाहीत. भाच्याने पिशवी भरून गोळा केली आणि संध्याकाळी ती चुलीशेजारी ठेवली, तेव्हा त्या पिशवीबद्दल कुणी काही बोललं नाही.

गर्दीचं सांगायचं राहिलं. भाच्याने हेडफोन लावला तशी बांधावरची कुजबुज वाढली. एक आजोबा पुढे येऊन म्हणाले, "तुमास्नीच ऐकू येतंय, आमास्नी न्हाई. मग काय घावलं ते कसं कळायचं?" म्हातारबुवांचा प्रश्न रास्त होता. आपल्या मुलखात जमिनीतून काहीतरी शोधणारा माणूस म्हटलं की पहिला शब्द येतो गुप्तधन. त्यामागून पायाळू माणूस येतो, त्याच्या डोळ्यांत घालायचं अंजन येतं, हंड्यावर बसलेला नाग येतो. माझी आई पायाळू होती. लहानपणी तिला मामाच्या गावी एका माणसाने "परसात जरा फिरून दाखव" म्हणून गळ घातली होती, आणि आजीने त्याला काठी घेऊन हाकललं होतं. आई ही गोष्ट हसत सांगायची. पण पावसात वीज कडाडली की आजी तिला दारात उभी राहू देत नसे, कारण पायाळूवर वीज पडते ना! एकाच अंधश्रद्धेची ही दोन टोकं.

हसण्यावारी नेण्याजोगं सगळंच नाही त्यातलं. गुप्तधनापायी या देशात माणसांचे, लेकरांचे बळी गेले आहेत. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं स्पष्ट शब्दांत आहेत. कर्नाटकानेही २०१७ साली असा कायदा केला. शिवाय १८७८ चा निखात निधीचा कायदा. जमिनीत दडवलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवणं भाग. आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर मशीन गाडीतून बाहेरही काढू नये. तिथल्या मातीतली वस्तू तिच्या जागेवरून हलली की तिची निम्मी गोष्ट कायमची पुसली जाते. आमच्या दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी गोव्याच्या समुद्रात सुंची खडकाजवळ सतराव्या शतकातलं पोर्तुगीज जहाज अभ्यासलं. तोफा, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात. एकेक वस्तू कुठे होती याची नोंद केली, म्हणून ते जहाज काय नेत होतं हे कळलं. नुसत्या तोफा कुणी उचलून नेल्या असत्या तर उरलं असतं भंगार.

आमचं काम यातल्या कशातच बसत नव्हतं. जमीन घरची, वस्तू घरची, हरवून दोन दिवस झालेले. पण हे बांधावरच्या लोकांना दिसायला हवं होतं. भाच्याने हेडफोनची पिन काढली आणि अण्णाच्या ट्रॅक्टरवर गाणी लावायला असतो तो छोटा स्पीकर जोडला. झालं! आवाज सगळ्यांचा झाला. आजोबांना अर्ध्या तासात खिळा कुठला आणि कागद कुठला हे आमच्याहून चांगलं कळायला लागलं. दुपारपर्यंत निघालेला ऐवज असा: बैलाच्या पायाच्या दोन पत्र्या, कोयत्याचं तुटकं टोक, ट्रॉलीचा बोल्ट, बेअरिंगची गोळी, एक घुंगरू, अ‍ॅल्युमिनियमचं दहा पैशाचं नाणं आणि एक भोकाचा पैसा. १९४३ ते ४७ मध्ये निघालेला तो ब्राँझचा पैसा बघून मावशी हरखली. तिची आई असले पैसे करगोट्यात ओवायची म्हणे. वाटी नाही.

उकरायचं काम मात्र सुखाचं झालं. भाच्याने विकत आणलेलं खास दातेरी खुरपं काळ्या ढेकळात दोनदा वाकलं. वहिनीने आपलं भांगलणीचं खुरपं दिलं. ती म्हणाली, "भाऊजी, आदी बाजूनं फोडा, वरनं घाव घालू नगा. वाटीवर बसंल." ती स्वतः फार बोलत नव्हती. गळ्यात पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधलेलं होतं आणि पदराने ते झाकलेलं होतं.

रविवारी नदी. वहिनीने त्या दिवशी वाड्याचा भारा डोक्यावरून उतरवून पाणवठ्यावर हातपाय धुतले होते. तेव्हा पदरातून वाटी पाण्यात पडली असेल, ही तिला रुखरुख. दूधगंगेला वर काळम्मावाडीचं धरण आणि जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, त्यामुळे फेब्रुवारीतही काठाला गुडघाभर पाणी होतं. मी गुडघ्याच्या पुढे जायचं नाही असं बजावलं. खाली कृष्णेला मगरी आहेत, शिरोळ-सांगलीकडे विचारा कुणालाही. वर येऊन बघणार नाहीत कशावरून?

पाण्यातला अवतार बघण्यासारखा होता. तबकडी पाण्यात चालते पण वरची पेटी चालत नाही. समुद्रावर भाच्याकडे त्यासाठी मापाची पिशवी असते, ती नेमकी तो म्हापशाला विसरून आलेला. मग खताच्या गोणीच्या आतला प्लॅस्टिकचा अस्तर काढला, पेटी त्यात घातली, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी तोंड आवळलं आणि ती पेटी त्याच्या गळ्यात बांधली. तबकडी पाण्यावर तरंगायला बघत होती. तिला वजन हवं, पण धातूचं नको, नाहीतर मशीन स्वतःलाच ओळखत बसेल. तबकडीच्या खालच्या टोपणात ओली वाळू भरली, ती तळाला टेकली. केबल दांड्याला घट्ट गुंडाळली, कारण ती पाण्यात नुसती हलली तरी खोटा आवाज येतो.

आणि झारा! समुद्राच्या वाळूसाठी केलेला, इथल्या गाळात तो लोण्यासारखा भरला आणि रिकामा होईना. भोकं मोठी, वाटी त्यातून सहज निसटेल एवढी. मावशीने घरून मच्छरदाणीचा तुकडा पाठवला, तो आतून बसवला. लोखंडी दांडा काढून अण्णाने बांबू ठोकला, चांगला सहा फुटी. टोमॅटोच्या प्लॅस्टिक क्रेटला खालून जाळी बांधून तो ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबमध्ये बसवला. पाण्यावर तरंगणारी चाळण तयार. बांबूच्या झाऱ्याने गाळ उचलायचा, क्रेटमध्ये ओतायचा, क्रेट पाण्यात हिंदकळायचा. माती वाहून जाते, जड ते जाळीवर राहतं. इथे मात्र माझ्या डोळ्यांसमोर झारेकरीच उभा राहिला. त्याच्या पाटीला फक्त ट्यूब लागली होती.

तरी पाणवठ्यावर कचरा इतका, की मशीनला श्वास घ्यायला जागा नव्हती. आकडे, सेफ्टी पिना, ब्लेडची पाती, बुचं, आणि गणपतीच्या मूर्तींतल्या तारा. तेव्हा पाणवठ्यावरची पोरं धावून आली. त्यांच्याकडे जुन्या स्पीकरमधला गोल चुंबक होता, नायलॉनच्या दोरीला बांधलेला. पुलावरून लोक नदीत पैसे टाकतात ते ही पोरं असल्या चुंबकाने काढतात. त्यांना टांकसाळीचा इतिहास पाठ आहे असं म्हटलं तरी चालेल. रुपया १९९२ पासून पोलादाचा झाला, तो टपकन चिकटतो. त्याआधीचा तांबं-निकेलचा, तो नाही चिकटत. पाचाचं नाणं पिवळं झालं, २००९ नंतर, तेही नाही. "पाच आन् धा लोकांनी टाकू नयेत, वाया जात्यात," असं एकाने मला गंभीरपणे सांगितलं. आमच्याकडे मांडवीवरून जाताना बसच्या खिडकीतून हात जोडून नाणं टाकणाऱ्या माणसाने हे कधी ऐकलेलं नसणार.

पोरांनी चुंबक फिरवून आधी लोखंड उचललं. सोन्याला चुंबक शिवत नाही, त्यामुळे वाटीला धोका नव्हता. मग मशीन, मग झारा, मग क्रेट. दुपार टळेपर्यंत आम्ही पाणवठ्याचा दोन खाटांएवढा भाग हातात घेऊन पाहिला. जोडवं निघालं एक, चांदीचं. कुणाचं ते कळेना, ते अण्णाने पाणवठ्यावरच्या बायकांत विचारायला मावशीकडे दिलं. वाटी नाही. वहिनी काठावर बसून होती. शेवटी तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे भाऊजी. पोरगं गारठलं."

संध्याकाळी चहा घेताना मावशी गोठ्यातून आली आणि तिने तळहात माझ्यापुढे धरला. त्यावर एक काळा मणी. गव्हाणीच्या कोपऱ्यात मिळाला होता तिला. चष्मा न लावता!

म्हणजे वाटी मळ्यात पडली नव्हती, नदीत पडली नव्हती. दोरा तुटल्यावर ती वाड्याच्या भाऱ्यात अडकून घरी आली होती. आणि आम्ही दोन दिवस सगळ्यात लांबच्या जागा शोधत होतो.

भाचा मशीन घेऊन गोठ्यात शिरला आणि मशीनने एकच लांब सूर धरला. वर पत्रा, खांबाला लोखंडी कडी, साखळ्या, गव्हाणीच्या फळ्यांत खिळे. मला ग्रॅहॅम बेलची गोष्ट आठवली. टेलिफोनवाला बेल. १८८१ च्या जुलैत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष गारफील्डना गोळी लागली. ती शरीरात नेमकी कुठे आहे हे डॉक्टरांना कळेना. बेलने घाईघाईने धातू ओळखणारं यंत्र बनवलं आणि ते त्यांच्या अंगावरून फिरवलं. आवाज भलतीकडेच येत होता. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या! शिवाय डॉक्टरांनी त्याला आपल्याला वाटत होती तीच बाजू तपासू दिली. सप्टेंबरात गारफील्ड गेले. गोळी होती दुसऱ्या बाजूला.

अण्णाला ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग खाट बदलायची होती की त्या मानसाची."

तेच केलं. गोठा मशीनकडे न्यायच्या ऐवजी गोठ्यातलं सगळं बाहेर काढायचं ठरलं. गुरुवार-शुक्रवारची उरलेली वैरण आणि शेण उकिरड्यावर गेलेलं होतं, आणि मावशीला कुठल्या दिवसाचा थर कुठे हे चोख ठाऊक होतं. (पुरातत्त्ववाल्यांनी तिला नोकरी द्यावी.) सोमवारी उजाडताच गुरुवारचा थर प्लॅस्टिकच्या घमेल्यांत भरून अंगणाच्या मोकळ्या टोकाला आणला. लोखंडी घमेली बाजूला ठेवली. जमिनीवर गोणपाट अंथरलं, त्यावर एकेक घमेलं पसरायचं आणि वरून लहान तबकडी फिरवायची. आणि काय शांत चालायला लागलं ते मशीन! शेणात ना लोहाचे कण ना मीठ. भाचा म्हणाला, चार वर्षांत एवढी स्वच्छ जमीन आपल्याला मिळालेली नाही.

नवव्या की दहाव्या घमेल्याला आवाज आला. कागदासारखा. तसे कागद आम्ही दोन दिवसांत शंभर उचलले होते, त्यामुळे कुणी उडी मारली नाही. ढिगाचे दोन भाग केले, एका भागात आवाज. त्याचे पुन्हा दोन. पुन्हा दोन. शेवटी ओंजळभर शेण राहिलं आणि भाच्याने ती नारिंगी कांडी त्यात खुपसली. कांडी थरथरली. तो बोटं घालणार तेवढ्यात मावशीने त्याचा हात धरला, स्वतः ते शेण घेतलं आणि गोवरी थापायच्या आधी काड्या वेचतात तसं बोटांनी कुस्करत गेली.

वाटी एका बाजूने चेपलेली होती. म्हशीच्या दाताखाली आली असावी, किंवा खुराखाली. वहिनी धार काढत होती. मावशीने हाक मारली नाही, तशीच उठून गोठ्यात गेली. आम्ही अंगणातच थांबलो. आतून बराच वेळ चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज येत होता, मग तो थांबला.

निपाणीच्या सोनाराकडे नेऊन चेपलेली बाजू सरळ करून आणू का, असं अण्णाने जेवताना विचारलं. वहिनी म्हणाली, बघू नंतर. त्या रात्री थ्री फेज आल्याबरोबर मोटार सुरू झाली. आम्ही तेव्हा चोर्ला उतरत होतो, गाडीभर शेणाचा वास आणि मागच्या सीटवर काकवीचा डबा.

झारा राहिला तिथेच, बांबूसकट. भाच्याने फोनवर आठवण केली तर अण्णा म्हणाला, पाठवतो की. अजून पाठवलेला नाही. नदीत मोटारीच्या फुटबॉलला जलपर्णी अडकली की ती काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही म्हणे.